नदीकाठच्या बागेत लाकडी जेटी बांधायची आहे, सुतार म्हणतो सागाचे डांब पुरा. चालेल का?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: सिंधुदुर्गात माडांच्या बागेच्या टोकाला नदी आहे, भरती-ओहोटीत दोन हात फरक पडतो. एक होडी लागेल आणि संध्याकाळी चारजण बसतील एवढीच जेटी हवी.

आधी मे महिन्यातल्या भरतीचं पाणी चाखून बघा, आणि काठच्या दगडांवर कालवं चिकटलीत का तेही बघा. पाणी खारट लागलं किंवा कालवं दिसली, तर पाण्यातले पाय लाकडाचे करू नका. सागाचेही नकोत. खाऱ्या पाण्यात टेरेडो असतो. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या जातीचा. आत शिरताना काडेपेटीच्या काडीच्या टोकाएवढं भोक पाडतो आणि मग आतल्या आत खांब पोखरत जातो. वरून खांब धडधाकट दिसतो, आणि एक दिवस होडीचा दोर ओढला की मोडतो. वरून डांबर किंवा रंग फासलात तरी एक ओरखडा पडला की त्याला वाट मिळते.

पाणी बारमाही गोडं असेल तर सुतार बराचसा बरोबर आहे. फक्त सागाचा पैसा पाण्यात घालायची गरज नाही. ऐन, किंजळ किंवा जांभूळ चालेल (विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालायचे ते उगाच नव्हे), पण गाभ्याचंच घ्या. कडेचा पांढरा भाग वखारीतच तासून टाका. कायम बुडालेलं लाकूड सहसा कुजत नाही, कारण तिथे बुरशीला हवा मिळत नाही. कुजतो तो ओला-सुका होणारा पट्टा. पोफळीचे ओंडके साकवाला ठीक, इथे नकोत.

तुमच्याकडे भरती पोचते, म्हणजे उन्हाळ्यात पाणी मचूळ होणारच असं धरून पुढचं सांगतो. पाय काँक्रीटचे आणि वरचं सगळं लाकडाचं.

त्याआधी कागद. सातबारा तुमच्या नावावर असला तरी नदीचं पात्र सरकारचं. भरतीचं खारं पाणी येतं तिथे सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचा नियम, लागू होतो, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नका. किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आणि मेरीटाईम बोर्ड या दोन्हीकडे लेखी विचारा. काठावर तिवरं, चिपी अशी कांदळवनाची झाडं असतील तर जागाच बदला. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरांतही बांधकाम चालत नाही.

आता माप. जेटी ४.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. खांबांच्या चार जोड्या, दोन जोड्यांत १.६ मीटर अंतर. बाहेरची जोडी अशी ठेवा की उधाणाच्या सुकतीलाही (म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांतल्या ओहोटीलाही) तिथे गुडघाभर पाणी राहील. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस काठावर जाऊन भरतीची सर्वांत वरची रेघ खडूने मारून ठेवा. फळ्या त्या रेघेच्या ४० सेंटिमीटर वर.

खांब किती खोल जायला हवा हे सुकतीला १२ मिलिमीटरची सळई खुपसून बघा, प्रत्येक खांबाच्या जागी वेगळी. एका माणसाने अंगाचा भार टाकूनही सळई जिथे थांबते तिथून खरी जमीन सुरू. वरचा चिखल हिशेबात धरायचा नाही. खऱ्या जमिनीत खांबाच्या एकूण लांबीचा निदान एक तृतीयांश भाग गेला पाहिजे. हातभरावरच कातळ लागला, तर तिथे भोक पाडून सळया बसवाव्या लागतात, ते काम वेगळं.

खांबांसाठी १६० मिलिमीटरचा शेतीचा पीव्हीसी पाईप घ्या. तो ६ मीटर लांबीचा मिळतो, असे ४ पुरतात: बाहेरच्या जोडीला साडेतीन मीटर, मधल्या दोन्ही जोड्यांना ३, काठाकडच्या जोडीला अडीच. चिखल जास्त निघाला तर त्या मानाने वाढवा. आत १२ मिलिमीटरच्या ४ सळया, दर १५ सेंटिमीटरवर ६ मिलिमीटरची रिंग. काँक्रीट १:१:२ (सिमेंट, वाळू, खडी), खडी बारीक, म्हणजे १०-१२ मिलिमीटरची. साधारण ५ पोती सिमेंट लागेल. पाईप बाहेर तसाच राहू द्यायचा, तो खाऱ्या पाण्याला अडवतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वाळू आणि पाणी त्याच खाडीतून घेणं. त्यातल्या मिठाने सळई आतून गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. पाणी विहिरीचं घ्या, वाळूही गोडीच. पाईप भरताना वरचा ४० सेंटिमीटर भाग रिकामा ठेवा, सळया मात्र टोकापर्यंत जाऊ द्या. कारण पुढे येतंच.

तीन आठवड्यांनी खांब उतरवा. मोठा खांब दीडशे किलोच्या आसपास भरतो, सहाजण लागतील. वाळूत किंवा मळीत घण मारत बसायचं काम नाही. शेतीच्या २ एचपी पंपाला एक इंची लोखंडी पाईप जोडा, त्याचं टोक ठोकून चपटं करा आणि खांबाच्या बुडाशी धरा. धारेने वाळू सुटी होते आणि खांब हलवत राहिलं की स्वतःच्या वजनाने उतरतो. शेवटचे ३० सेंटिमीटर धार बंद करून, डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोकत न्या, नाहीतर बुडाखाली पोकळी राहते. दोन्ही बाजूंनी ओळंबा धरणारा एक माणूस मोकळा ठेवा. चिकट मातीत ही युक्ती चालत नाही, तिथे खड्डाच काढावा लागतो.

आठही खांब एका उंचीला कधीच बसत नाहीत, म्हणून तो रिकामा भाग. दोन-तीन भरत्या जाऊ द्या. मग पाण्याच्या नळीने लेव्हल काढून पाईप आणि सळया कापा, उरलेलं काँक्रीट भरा आणि त्यातच यू आकाराची गॅल्व्हनाइज्ड पट्टी रोवा. त्या यूमध्ये १०० बाय १५० मिलिमीटरची आडवी तुळई बसते.

खांब लाकडीच असतील तर प्रत्येक जोडीला कैची (एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरक्या पट्ट्या) मारा, पण ती जोडीतल्या दोन खांबांमध्येच, म्हणजे प्रवाहाच्या दिशेत. एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंत लांबीच्या अंगाने तिरक्या पट्ट्या मारल्यात तर त्या प्रवाहाला आडव्या येतात. पहिल्याच पुरात झावळ्या, बांबू, केळीचे गड्डे त्यात अडकतात, जेटीचा बांध होतो आणि पाणी तो बांध खांबांसकट उपटून नेतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरचा कडीपाट कायमचा ठोकू नका. तीन सुट्ट्या चौकटी करा, प्रत्येक १.६ बाय १.२ मीटर. खाली ५० बाय १२५ च्या ४ कड्या, वर ३० मिलिमीटर जाडीच्या फळ्या, दोन फळ्यांत ८ मिलिमीटरची फट. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. ऐनाला आधी ड्रिल मारल्याशिवाय स्क्रू घातलात तर फळी चिरलीच म्हणून समजा. प्रत्येक चौकट १२ मिलिमीटरच्या ४ बोल्टांनी तुळईला धरते. एक चौकट साधारण ८० किलो, म्हणजे चार माणसांचं काम. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बाकी कामं चालतात तेव्हाच हेही उरकायचं: बोल्ट सोडा, चौकटी मांगरात (बागेतल्या खोपटात) नेऊन मध्ये बांबूच्या कामट्या देऊन रचा. पुरात मग नुसते खांब राहतात आणि पाणी त्यांच्यामधून निघून जातं. एकूण लाकूड नासधूस धरून १६ घनफूट पुरेल.

वॉर्निश नको. एका उन्हाळ्यात पोपडे सुटतात आणि त्याखाली पाणी साचतं. फळ्या रंधून गुळगुळीतही करू नका, शेवाळावरून पाय घसरतो. करवतीचा खरखरीत अंग वरच राहू द्या, दिवाळीनंतर चौकटी पुन्हा बसवताना जवसाच्या तेलाचा हात फिरवा.

होडी चौकटीला किंवा कठड्याला बांधायची नाही. बाहेरच्या खांबाभोवती दोराचं सैल कडं ठेवा, भरतीबरोबर ते वर-खाली सरकतं. आणि बोल्ट बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस लावून नटावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, नाहीतर मे अखेरीस पाना लावाल तेव्हा नट सुटायच्या आधी बोल्टच तुटेल.