जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवल्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' येतंय, काय करू?

हार्ड डिस्क क्लोन करून (म्हणजे तिची हुबेहूब नक्कल करून) एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, बसवलीत आणि ती बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) दिसतेय ना? मग एसएसडी बहुधा ठीक आहे, परत करायची घाई नको. अशा वेळी बहुतेकदा बूट मोड, म्हणजे लॅपटॉपची विंडोज सुरू करायची पद्धत, डिस्कशी जुळत नसतो. डिस्कच्या मांडणीचे दोन प्रकार असतात, जुना एमबीआर आणि नवा जीपीटी. जुनी डिस्क एमबीआर असेल तर बायोसमध्ये लेगसी किंवा सीएसएम (जुनी बूट पद्धत) निवडा, जीपीटी असेल तर यूईएफआय (नवी पद्धत). तरीही अडलं तर क्लोन करताना छोटं सिस्टीम पार्टिशन (डिस्कचा वेगळा राखलेला भाग) राहून गेलंय का बघा; विंडोजच्या बूट फाइल्स तिथेच असतात, आणि ते नसेल तर सगळी डिस्क पुन्हा क्लोन करणंच सोपं.

साटा-२ (डिस्क जोडणीचा जुना प्रकार) असलेल्या लॅपटॉपवर वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आतच राहतो, तो दोष नव्हे. आणि जुनी डिस्क इतक्यात फॉरमॅट करू नका, प्लीज.