बचत गटाचं कर्ज काढून बकरीपालन सुरू करावं का?
करा, पण पहिले हप्ते बकरीतून फिटतील असं धरू नका. यवतमाळकडच्या खेड्यांत मी गटांच्या वह्या लिहिते, त्यातलं सांगते. गाभण बकरी आणली तरी पिल्लू विकायजोगं व्हायला सात-आठ महिने सहज जातात, हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात दारात. घरात मजुरीचा किंवा शिलाईचा पैसा येत नसेल तर आधी चहा-पोह्यांची टपरी बरी, रोकड रोज फिरते. खरा फायदा व्याजात आहे: खाजगी सावकार महिन्याला शेकडा पाचही लावतो, गटात बहुधा शेकडा दोन, आणि तेही गटाच्याच पेटीत. 20 लाखांपर्यंत बँक गटाकडे तारणही मागत नाही. बकऱ्या घेतल्याच, तर विमा काढा आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यांत विष होऊन बकरी दगावते तो रोग) लस टोचून घ्या.