आयेल्ट्स स्पीकिंग: इमारतीचं वर्णन आणि जुने अनुभव

ताई, तुमचा प्रश्न असा की, सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, कॅनडाला यायचंय, पण आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत, स्पीकिंगमध्ये इमारत किंवा जुना अनुभव सांगताना काळांची गडबड होते. व्याकरणाचं अख्खं पुस्तक घोटू नका. गुण देण्याच्या चार निकषांपैकी व्याकरण हा एक, आणि आपली मराठी माणसं ठरावीक जागीच अडकतात.

पहिली जागा ‘होते’. आपण सहज म्हणतो, ‘गेल्या वर्षी हंपीला गेले होते’, आणि तोंडून निघतं ‘आय हॅड गॉन टू हंपी लास्ट इयर’. तिथे नुसतं ‘आय वेंट’. साल किंवा ‘लास्ट इयर’ आलं की साधा भूतकाळ. ‘हॅड’ लागतो तो झालेल्या गोष्टीच्याही आधीचं सांगताना: ‘व्हेन वी रीच्ड, दे हॅड क्लोज्ड द गेट’. जे अजून चालूच आहे त्याला ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर फोर इयर्स’. ‘आय ॲम वर्किंग सिन्स फोर इयर्स’ हे इकडे कॅनडात नोकरीच्या मुलाखतीतही कानाला खटकतं.

इमारतीसाठी मुंबईचं सीएसएमटी स्टेशन घ्या, सरावाला झकास. आज दिसतं ते वर्तमानकाळात: ‘इट स्टँड्स अपोझिट द बीएमसी बिल्डिंग’, ‘इट हॅज अ ह्यूज डोम’. इतिहास बहुतेक कर्मणीत: ‘इट वॉज डिझाइन्ड बाय एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स’. १८७८ला काम सुरू झालं, ते ‘वर्क बिगॅन इन १८७८’. आणि एखाद्या सालापासून आजपर्यंतचं: ‘इट हॅज बीन अ वर्ल्ड हेरिटेज साइट सिन्स २००४’. हीच वाक्यं मग तुमच्या गावच्या वाड्यावर, शाळेवर, साइटवर बसवून बघा. परीक्षेत अशा वर्णनाच्या तयारीला एकच मिनिट मिळतं, बोलायचं असतं दोन मिनिटांपर्यंत; त्या मिनिटात वाक्यं लिहू नका, साल आणि चार शब्द टिपून ठेवा. क्लासवाले पाठ करायला देतात ती उत्तरं तर मुळीच नकोत. परीक्षकांना ती लगेच कळतात.

‘इन बिल्डिंग टू लिफ्ट्स आर देअर’ हेही सोडा. ‘देअर आर टू लिफ्ट्स इन द बिल्डिंग’. तो ‘द’ आपल्या भाषेत नाहीच, त्यामुळे हमखास गळतो. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून फक्त ‘द’ मोजलेत तरी कळेल.

परीक्षेत ‘ग्राउंड फ्लोअर’ बिनधास्त म्हणा. इकडे साइटवर मात्र रस्त्यालगतचा मजला बहुधा ‘फर्स्ट फ्लोअर’ असतो, म्हणजे आपला पहिला मजला इथला सेकंड. ड्रॉइंग वाचताना तेवढं बघून घ्या.