कायदा-सल्ला : न विचारता नेलेली गाडी

प्रश्न : बिल्डिंगखाली लावलेली माझी मोटरसायकल शेजारच्या विशीतल्या मुलाने दुपारी परस्पर नेली आणि रात्री आणून लावली. किल्ली गाडीलाच राहिली होती. पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली. ही चोरी नव्हे का? (वाचक, सांगली)

उत्तर : गाडी परत आणली म्हणून चोरी होत नाही, असं नाही. १९५२ साली जोधपूरहून हवाई दलाच्या दोन प्रशिक्षणार्थींनी परवानगीशिवाय विमान पाकिस्तानात नेलं. त्या के. एन. मेहरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितलं, की वस्तू तात्पुरती नेली तरी चोरी होऊ शकते. मात्र अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो, आणि घोडं इथेच अडतं.

हेतू दाखवता येत नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९७ उरतं. संमतीशिवाय गाडी नेऊन चालवल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (२०१९ च्या दुरुस्तीआधी दंड होता अवघा ५०० रुपये!) त्यातही पळवाट आहे : ‘विचारलं असतं तर मालकाने दिलीच असती’ असं मानायला रास्त कारण होतं हे न्यायालयाला पटलं, तर तो सुटतो. पूर्वी दोन-चारदा तुम्ही गाडी दिली असेल तर त्याचा वकील नेमकं हेच पुढे करणार.

शिक्षा कमी असल्याने हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना एरवी विनावॉरंट अटक करता येत नाही असा, म्हणून एनसी. गणवेशातल्या पोलिसासमोर घडला तरच विनावॉरंट अटक होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीची एफआयआर हवी असेल तर अर्जात हेतू दिसेल असा तपशील लिहा : नंबर प्लेट झाकली होती का, विचारल्यावर तो खोटं बोलला का, गाडीतलं काही काढून घेतलं का. तरीही नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. पुढची पायरी दंडाधिकारी. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आधी काढून घ्या, कारण जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं.

गाडी धड परत आली असेल तर कोर्टाची वारी फारशी परवडणारी नाही, असं आमचं मत. एनसीची प्रत मात्र जपा. त्या दिवसाचं ई-चलन आलं तर तीच दाखवावी लागेल.

प्रश्न : माझा १६ वर्षांचा भाचा न सांगता स्कूटर घेऊन गेला आणि पकडला गेला. माझ्यावर गुन्हा होईल? (वाचक, कराड)

उत्तर : होऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाची किंवा मालकाची संमती होती असंच न्यायालय गृहीत धरतं. ‘माहीत नव्हतं’ किंवा ‘पुरेशी काळजी घेतली होती’ हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली किल्ली इथे महागात पडते. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. भाच्याला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळणार नाही.