आधी शेवटचं पान वाचणारी मुलगी

"ताई, ही गोष्टीचा शेवट आधी वाचते. मग धड्यातली उत्कंठा हिला कळणार कशी?" आठवीतल्या मुलीची आई काळजीनं विचारत होती. सोबत उत्तरपत्रिका होती. 'कथेतील संघर्ष स्पष्ट करा' याखाली मुलीनं लिहिलं होतं, 'कथेत भांडण नाही, म्हणून संघर्ष नाही.' गुण अर्थातच शून्य.

मुलीशी एकटीशी बोलले. "आवडत्या पात्राचं काय होणार हे कळेपर्यंत पोटात गोळा येतो," ती म्हणाली. म्हणजे उत्कंठा तिला जरा जास्तच जाणवत होती! शेवट आधी वाचणं हा तिचा स्वतःचा उपाय होता. तो मोडावा असं मला वाटलं नाही.

संघर्षासाठी मी तिला एक प्रसंग दिला. मित्रानं प्रश्नपत्रिका चोरली, हे एका मुलानं पाहिलंय. बाई वर्गात विचारतात, "कुणी पाहिलं का?"

"त्या मुलाला काय हवंय?"

"खरं सांगायचंय." थोडं थांबून, "पण मैत्रीही तोडायची नाहीये."

"यात भांडण कुठंय?"

ती हसली. पात्राला काय हवंय आणि आड काय येतंय, एवढं शोधलं की संघर्ष सापडतो. आड येणारा माणूस असेल, पूर असेल, समाजाची रीत असेल, नाहीतर पात्राचं स्वतःचंच मन. परीक्षेत या शेवटच्याला अंतर्गत संघर्ष म्हणतात आणि मुलं नेमका तोच विसरतात.

उत्कंठेबद्दल दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचं उदाहरण मी आईलाही सांगितलं. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षकाला 15 सेकंदांचा धक्का. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल आणि पात्रं मात्र निवांत गप्पा मारत असतील, तर 15 मिनिटं जीव टांगणीला. म्हणजे माहिती असल्यानं उत्कंठा मरतेच असं नाही.

म्हणून मुलीला काम दिलं : शेवट खुशाल आधी वाच, पण मग पहिल्यापासून वाचताना लेखकानं त्याची चाहूल कुठे दिली आणि कुठली गोष्ट मुद्दाम दडवली, तिथे पेन्सिलीनं खूण कर. पुढच्या भेटीला पुस्तक खुणांनी भरलेलं होतं. दोन खुणा माझ्याही नजरेतून सुटल्या असत्या.

गोष्ट मिटल्यावरही भीती जात नसेल, झोप उडत असेल, तर मात्र वेगळं बोलावं लागतं. या मुलीच्या बाबतीत तसं काही नव्हतं, हे आईला स्पष्ट सांगितलं.