लेकरू तेच, खायची जागा बदलली

दादा, तुमचा प्रश्न वाचला. गावाकडं भाकरी-पिठलं आवडीनं खाणारा मुलगा अकरावीला लातूरला गेला आणि दिवाळीला आला तो अंगानं सुटलेला, वर घरचं बेचव लागतं म्हणणारा. मी लातुरात क्लासच्या पोरांसाठी बारा वर्षं मेस चालवली. लेकरू बिघडलं नाही तुमचं. त्याची खायची जागा बदलली.

क्लास सुटतो सहाला, मेसचं ताट आठला. मधले दोन तास भुकेलं पोरगं जाणार कुठं? खोलीत चार कॉट आणि पुस्तकं. गाड्यापाशी मात्र दोस्त असतात, पेपर कसा गेला ते बोलता येतं. पण नुसतं उभं कोण राहू देणार? मग वडापाव, नाहीतर लालभडक मंचुरियन. आठला तेच पोरगं माझ्याकडं एक पोळी कशीबशी खाऊन उठायचं आणि घरी फोनवर सांगायचं, मेसचं चांगलं नसतं. (माझ्या वरणाला नावं ठेवलेली मला अजून डाचतात.) रविवारी रात्री तर मेस बंदच, सगळी गँग गाड्यावर.

पोरींचं निराळं. हॉस्टेलचं दार लवकर लागतं, म्हणून त्या वेफर्सचे पुडे आत नेतात आणि रात्री अकराला पुस्तक उघडं ठेवून संपवतात. पुड्यामागं सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. २५० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये साखर साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं काही विकायचं नाही, असा २०२० चा केंद्राचा नियम आहे. पण तो शाळेपुरता, क्लासच्या दाराशी कोण बघायला जातंय? शाळेतली खिचडीसुद्धा आठवीपर्यंतच. नववीपासून ज्याची भूक त्यानं भागवायची.

त्याला रागावू नका, लपून खाईल. एका आईनं डबाभर धपाटे पाठवले होते. पंधरा दिवसांनी पेटीत पुस्तकांखाली बुरशी आलेले सापडले. दोस्त गाड्यावर असताना खोलीत एकट्यानं घरचं खायला त्या वयात कसंतरीच वाटतं. पुढच्या खेपेला तिनं वीस धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली, चौघं मिळून खा म्हणाली. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन पालथा घातलेला.

मी स्वतः शेवटची तीन वर्षं सहाला सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी घालून, करून ठेवायला लागले. गाडा काही सुटला नाही, पण रोजचा राहिला नाही. रात्रीच्या पोळ्या वाढल्या, पिठाचा खर्च बघून आमचे हे कुरकुरले, ते वेगळं. पुढच्या महिन्याचे पैसे भरायला जाल तेव्हा मेसवाल्या ताईंना एवढंच विचारा, सहाला काही मिळेल का, आणि रविवारी रात्री पोरं काय खातात.