दमायच्या आधी चाल

पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि आधी चिडले. एवढं लांबलचक लिहिलंस! बूट कुठले घेऊ, घड्याळ कुठलं घेऊ, प्रोटीन पावडर चालेल का, जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन पळणं होईल का. आणि मूळ दुखणं शेवटी, तेही कंसात: 'उजवी नडगी जरा दुखते, पण वॉर्मअप झाला की कळत नाही.' बाकीचं सगळं राहू दे. या कंसाचंच उत्तर देते.

आज पलंगावर बस, पाय सैल सोड आणि घोट्यापासून वर नडगीच्या आतल्या कडेने अंगठा दाबत ये. वीतभर लांबीचा पट्टाच दुखत असेल, तर स्नायू जिथे हाडाला धरतात तिथे ताण बसलाय. पळणं कमी केलंस की उतरेल. पण दुखणं एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढं असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, त्या एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर पळणं त्याच क्षणी बंद. हाडाला बारीक चीर आहे असं धरून हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून नाचत ग्राउंडवर परतू नकोस. अशी चीर पहिले काही आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. आणि निघालीच, तर सहा-आठ आठवडे गेले समज. मुंबईही गेली. बिबचे, म्हणजे स्पर्धेच्या नंबरपट्टीचे, पैसे गेले तर गेले.

आणखी एक विचारते, तुझ्या त्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर कोणी विचारलं नसेल. पाळी वेळेवर येते का? चार महिन्यांत चौदा किलो उतरलीस, रात्रीचं जेवण बंद केलंस आणि वर आठवड्यातून पाच दिवस पळतेस. शरीराला पुरेसं मिळेनासं झालं की ते आधी पाळीवर हात आखडतं आणि मग हाडांवर. पाळी लांबली असेल तर डॉक्टरांना नडगीइतकंच स्पष्ट सांग. लाजू नकोस. ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिनही तपासून घे.

आणि जेवण सोडून मिळवलंस काय? सपाटीवर पळताना किलोमीटरमागे साधारण आपल्या वजनाच्या किलोंइतक्या कॅलरी खर्च होतात. तू 84 किलोची, म्हणजे पाच किलोमीटरला सव्वाचारशेच्या आसपास. दीड वडापाव. तेवढ्यासाठी हाडं पणाला लावायची? वजन ताटात उतरतं, तेही सावकाश. रस्त्यावर दमसास वाढतो. ही दोन कामं एकाच महिन्यात एकाच शरीरावर लादलीस, तर ते कुठेतरी मोडणारच.

आता तुझ्या कोचबद्दल. 'चाललीस की संपलीस' हे त्याचं वाक्य तू मोठ्या कौतुकाने लिहिलंयस. त्याचं वय काय? वजन किती? साठ किलोच्या पोराला ते वाक्य परवडतं. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट भार एका पायावर येतो, चालताना जेमतेम सव्वापट. तुझ्या बाबतीत हा फरक शंभर किलोच्या वरही जाऊ शकतो, दर पावलाला. म्हणून सांगते, दमायच्या आधी चाल. दमल्यावर नव्हे. दमल्यावर सगळेच चालतात, त्यात काय मोठंसं. पहिल्या मिनिटापासून चालायचं: एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, अगदी ताजीतवानी असलीस तरीही. मग दोनास दोन. मग तीनास एक. प्रत्येक पायरीवर निदान तीन आठवडे.

हे माझ्या मनचं नाही. जेफ गॅलोवे 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकला 10,000 मीटर धावलेला माणूस; पळत-मध्येच-चालत ही पद्धत त्यानेच नवशिक्यांना शिकवून जगभर नेली. ऑलिंपियनला चालायची लाज वाटली नाही, तुमच्या कोचला वाटते! त्याआधीची गोष्ट बिल बॉवरमनची. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचा नावाजलेला कोच, 1962 च्या अखेरीस न्यूझीलंडला गेला. तिथे आर्थर लिडियर्ड हा तिथला धावण्याचा कोच पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या लोकांना गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळवत होता. बॉवरमन त्यांच्यात सामील झाला आणि त्याला असा दम लागला की सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी त्याच्यासाठी वेग कमी केला. घरी परतून त्याने आपल्या गावच्या लोकांना तसंच हळू पळायला लावलं. जॉगिंगची लाट अमेरिकेत पसरली ती यानंतर. थोडक्यात काय, हा खेळ आपल्यासारख्यांना चालत-बोलतच दिला गेलाय.

तू म्हणशील, 'पण मावशी, आता मला दमच लागत नाही.' तिथेच तर गोम आहे. दमसास लवकर वाढतो. पहिल्या दोन आठवड्यांत रक्तातलं पाणी वाढतं, महिना-दीड महिन्यात स्नायू सुधारतात आणि वाटतं, जमलं! हाड तसं नाही. नवा भार आला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. या फेरीला तीन-चार महिने लागतात आणि मधल्या काळात ते पहिल्यापेक्षा कच्चं असतं. नेमकं याच काळात तुमचा ग्रुप अंतर वाढवतो, कारण सगळे खूश असतात. तुझी नडगी चौथ्या महिन्यात बोलली, यात मला नवल वाटलं नाही.

माझं म्हणशील तर मी त्रेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं, वजन 92. त्याआधीची दहा-बारा वर्षं 'थोडी बारीक झाले की ग्राउंडवर जाईन' यातच गेली, आणि त्यांची हळहळ अजून जात नाही. साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर पहाटे अंधारात जायचे, उजाडायच्या आत परत. तेव्हा बायकांच्या मापाचा टी-शर्ट स्पर्धेच्या किटमध्ये मिळायचा नाही. पुरुषांचा डबल एक्सएल घालून, बाह्या दुमडून पळायचे. मांड्या सोलवटून निघायच्या. (व्हॅसलिन, पोरी. भरपूर. बुटांच्या आधी ते विकत घे, आणि धड बसणारी स्पोर्ट्स ब्रा.)

साताऱ्याची हिल हाफ मी आजही चालत-पळतच करते. पहिला अर्धा भाग यवतेश्वरच्या घाटातून वर, कासच्या दिशेने. मग तोच रस्ता खाली. चढावर चालणाऱ्यांना कोणी हसत नाही, तिथे सगळेच कमरेवर हात ठेवून चालतात. माझी गंमत उतारावर होते. मी तिथेही ठरल्याप्रमाणे चालते आणि मागून येणारी पोरं ओरडतात, 'काकू, उतार आहे, सोडा आता!' नाही सोडत. उतारावर आदळ जास्त बसते, नडग्या आणि गुडघे तिथेच निकामी होतात. रस्त्याच्या कडेने आपली चालते, सिंगल फाइल, कोणाच्या आड येत नाही.

जाऊबाईंनी एकदा विचारलं होतं, 'चालायचंच असेल तर त्याला मॅरेथॉन कशाला म्हणायचं?' तेव्हा काही बोलले नाही. आज बोलते. 21.097 किलोमीटर, सुरुवातीच्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत, स्वतःच्या पायांनी. नियमात कुठे लिहिलंय की दोन्ही पाय हवेत पाहिजेत? माझी वेळ तुला सांगणार नाही. बक्षिसांची पोतडी आवरून झालेली असते, एवढं पुरे. पण माझ्याबरोबर सुरू केलेल्या झपाझप बायकांपैकी आज घाटात किती दिसतात ते येऊन बघ. मी हट्टी आहे असं घरात सगळे म्हणतात. असेन. हट्टी नसते तर या वयात गुडघ्याला पट्टा बांधून सोफ्यावर बसले असते आणि तू मला मेसेज केलाच नसतास.

तेव्हा असं कर. सोमवारी डॉक्टर. ते म्हणतील तितके दिवस पळणं बंद. चालायला हरकत नाही ना, हे त्यांनाच विचार. आज रात्रीपासून नीट जेव, भाकरी आणि उसळ, लाह्यांवर भागवू नकोस. पळण्याची नोंद ठेवणारं ते स्ट्राव्हा अ‍ॅप फोनवरून काढून टाक, निदान मार्चपर्यंत. दुसऱ्याचे आकडे बघून तुझे पाय चळतात. डॉक्टरांनी मोकळं केलं की पुन्हा एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, अगदी पहिल्यापासून. आणि कोचने तोंड वाकडं केलं, तर सरळ सांग की साताऱ्याच्या एका म्हातारीने सांगितलंय. माझा नंबर दे त्याला. संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते.

तुझी,
मावशी